मागल्या खोलीतला बाक

१

सारजाबाईचं एक म्हणणं होतं, आणि ते ती कुणालाही ऐकवायची, मग समोर बंगल्याचा मालक असो की धरणात जाळं टाकणारा कुणी. सामान वरनं वरनं पुसणारा माणूस कामचुकार. खुर्ची असो, मेज असो, बाक असो, आधी तो उलटा करायचा आणि पोटाकडून पुसायचा. घाण तिथं साठते, वाळवी तिथनं चढते, आणि लाकडाची जात कळायची तर खालनंच कळते. माणसाचंही तसंच आहे असं ती वर जोडायची, पण ते सोडून द्या.

मुळशीच्या धरणाकाठी हैबतराव ठेकेदारांचा बंगला होता. महाराष्ट्र राज्य झालं त्या सालची ही गोष्ट. बंगला तेव्हा नवाकोरा होता. हैबतराव राहायचे पुण्यात. उन्हाळ्यात यायचे, दिवाळीला यायचे, आणि मधले महिने किल्ल्यांचा जुडगा सारजाबाईच्या कमरेला. त्या मधल्या महिन्यांत तिथं पाऊस असा लागतो की मडक्यातल्या मिठाचं पाणी होतं आणि आगपेटीतली एक काडी धड पेटत नाही. अशा हवेत पुण्याहून हौसेनं आणलेलं सामान टिकवणं म्हणजे खायचं काम नाही. हैबतराव जाताना शंभर सूचना करून जायचे आणि सारजाबाई मान डोलवायची. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याशी वाद घालू नये, एवढी अक्कल तिला होती.

तिचं सगळं ठरलेलं होतं. सागवानाला पाणी दाखवायचं नाही. कोरडं फडकं, मग जवसाचं तेल, तेही रेषेच्या अंगानं. वेताच्या खुर्च्यांना मात्र पाणीच हवं, मीठ घातलेलं. पुसून वाऱ्याला ठेवल्या की झोल पडलेली बैठक पुन्हा ताठ होते. पितळेला चिंच आणि राख. तीच चिंच संगमरवरी मेजाला लावली तर दगड खाल्लाच म्हणून समजा. त्याला रिठ्याचं पाणी. चामड्याच्या कोचावर पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते, ती कोरडी झटकायची आणि वर एरंडेलाचा हात फिरवायचा. संध्याकाळी कोळशाची शेगडी, तीत कडुनिंबाचा पाला टाकून, खोलीखोलीतनं न्यायची. धरणावरच्या साहेबांच्या बंगल्यात तिनं उमेदीची वर्षं काढली होती, निम्मी विद्या तिथली. उरलेली तिची तीच शिकली आणि त्याचा तिला गर्व होता. असावाच की.

२

त्या पावसाळ्यात तिची लेक हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सारजाबाईला मुलं झाली बरीच, राहिली ही एकटी. नवराही लवकर गेला. तेव्हा हौसा म्हणजे तिचं सगळं गणगोत, आणि आता हौसाच्या पोटात असलेलं ते त्याच्याही वर. हे बाळंतपण सुखरूप पार पडलं की देवाकडं काही मागायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

बंगल्यामागची सारजाबाईची खोली गळायला लागली, तेव्हा हैबतरावांनी निरोप धाडला की पोरीला अशा दिवसांत ओलीत ठेवू नका, बंगल्यातली मागली खोली वापरा. माणूस फटकळ होता पण मनाचा कोता नव्हता. त्या खोलीत पितळी पलंग होता. आपली लेक पितळी पलंगावर बाळंत होणार, या आनंदात सारजाबाईनं तो पलंग चिंच लावून असा घासला की त्याच्या खांबांवरच्या गोल लट्टूंत तोंड बघून कुंकू लावावं.

त्याच खोलीत एक बाक होता. भिकू सुतारानं त्याच उन्हाळ्यात करून दिलेला, एका अखंड जाड फळीचा, काळपट सागाचा. दिसायला देखणा, पण त्यात एक खोड होती. शेगडी फिरवून फिरवून बंगल्यातलं सगळं सामान कोरडंठाक झालं तरी हा बाक ओलाच. हात लावला की गार लागायचा. पुसला की घटकाभरानं पुन्हा दमट. असला हट्टी जिन्नस सारजाबाईला आवडत नसे. एके दिवशी पदर खोचून तिनं तो उलटा केला.

फळीची खालची बाजू मधोमध झिजून खोलगट झाली होती. दोन्ही टोकांना एकेक गोल भोक होतं, जुन्या दारांच्या खुंट्या ज्यात फिरतात तसलं. आणि लाकडाच्या रेषांत काहीतरी पिवळं-लाल मुरलेलं होतं. तिनं बोट ओलं करून घासलं आणि नाकाशी नेलं. वास हळदीचा होता.

ती तिथंच मांडी घालून बसली. तो बाक नव्हता, कुणाच्या तरी घराचा उंबरठा होता. पिढ्या न् पिढ्या बायकांनी पुजलेला, पोराबाळांच्या पायांनी झिजलेला. भिकूनं तो पालथा घातला, खाली पाय ठोकले, आणि उन्हाळाभर पुण्याची पाहुणेमंडळी त्यावर खुशाल बसली होती.

३

भिकूला तिनं दुसऱ्याच दिवशी वाटेत गाठून फैलावर घेतलं. भिकू चांगला कारागीर, पण लाकूड म्हटलं की त्याला दुसरं काही दिसायचं नाही. त्याला यात काही पाप वाटलं नाही.

"धरणात बुडाल्याल्या गावातलं लाकूड हाय," तो म्हणाला. "उन्हाळ्यात पानी उतारलं तवा गाळातनं काडलं. असला साग आता कुटं मिळतोय?"

झिजलेली बाजू खाली घातली आणि चांगली वर घेतली, एवढाच त्याचा हिशोब. सारजाबाईनं कपाळाला हात लावला आणि घरी येऊन तिला जे रीतीचं वाटलं ते केलं. लाकडी हातोड्यानं ठोकून तिनं बाकाचे पाय सुटे केले. फळी सुलटी करून मागल्या भिंतीच्या कडेला जमिनीवर आडवी ठेवली. दुसरीकडं कुठं ठेवली असती तर जाता-येता ठेच लागली असती. दिवाळीआधी भिकूकडून पाय पुन्हा बसवून घेऊ, मालकाला कळायचंही नाही, असा तिचा बेत होता. नाहीतरी त्या नव्या फॅशनीच्या बंगल्यात एकाही दाराला उंबरठा नव्हता. केर, कुत्रं, पाहुणा, सगळे सारख्याच मानानं आत यायचे. ते तिला पहिल्यापासून खटकत होतं.

तिनं फळी कोरड्या फडक्यानं पुसली, हळदीकुंकवाची बोटं ओढली. ती पुसली जाऊ नयेत म्हणून वरनं जवसाचं तेल जिरवलं, अगदी रेषेच्या अंगानं. मग पुढं रांगोळी काढली. रांगोळी काढायची ती उंबरठ्याच्या बाहेरच्या अंगाला. पण इथं पलीकडं भिंत आणि अलीकडं खोली, तेव्हा ती खोलीच्याच बाजूला काढावी लागली. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. उदबत्ती लावून तिनं हात जोडले. ज्या कुणाचं घर असेल त्यांना बरं वाटेल, माझ्या लेकीला चांगला आशीर्वाद देतील, असं तिच्या मनात आलं आणि डोळे भरून आले.

त्याच संध्याकाळी फळी कोरडी झाली. हात फिरवला तर उबदारसुद्धा लागली. बघा, म्हणाली सारजाबाई स्वतःशीच, लाकडालाही मान लागतो. रोज सकाळी हळदकुंकू वाहायचं आणि रांगोळी काढायची, असा नेमच तिनं लावून घेतला.

४

पावसाळ्यात सामान बोलतं. नव्या माणसाला त्याची भीती वाटते, सारजाबाईला ती सोबत वाटायची. सागाचं कपाट ओल पिऊन फुगलं की एकदाच कट्‌ करतं आणि गप्प बसतं. वेताची खुर्ची सुकताना कुरकुरत राहते. शेगडी बाहेर नेली की पितळी पलंग निवता निवता टणकन्‌ वाजतो. लाकडात भुंगा शिरला असेल तर तो कातरल्यासारखा बारीक आवाज करतो. त्याच्या भोकात रॉकेलची वात घालायची. डोळे मिटून कोण बोलतंय ते ती सांगू शकत होती.

एका दुपारी हौसा पलंगावर पडली होती आणि सारजाबाई कपाटाला तेल लावत होती. तेव्हा एक आवाज यायला लागला. जड, बसका, मध्ये सारखंच अंतर ठेवून पुन्हा पुन्हा येणारा. खिडकीचं दार आपटत असेल म्हणून तिनं बघितलं तर कडी लावलेली होती. कपाट नव्हे, पलंग नव्हे, भुंगा तर नव्हेच. ती आवाजामागनं चालत मागल्या भिंतीपाशी आली आणि तिनं भिंतीला कान लावला.

कुणीतरी भात कांडत होतं. दोघी असाव्यात, कारण एकीचा घाव पडला की लगेच दुसरीचा पडायचा, आणि दर घावामागनं बांगड्या खाली घसरल्याचा आवाज यायचा.

त्या भिंतीपलीकडं घर नव्हतं. उतार होता, करवंदीच्या जाळ्या होत्या, आणि मग पाणी. सारजाबाई बुद्धीची पक्की. पाण्यावरनं आवाज लांबचा येतो हे तिला ठाऊक होतं. पैलतीरावरच्या वाडीत कुणी कांडत असेल, तेच इथं ऐकू येतंय, असं तिनं ठरवलं आणि पुन्हा फडकं हातात घेतलं. पण कौलांवर पाऊस असा कोसळत होता की शेजारी बसलेल्या माणसाला ओरडून सांगावं लागलं असतं. त्यात पैलतीरावरच्या बांगड्या कशा ऐकू येतील, हे काही तिला उमगेना. तिला भीती वाटली. अशी भीती वाटायची तिला सवय नव्हती, म्हणून तिला स्वतःचाच राग आला आणि तिनं कपाटाला नको तेवढं तेल चोपडलं.

५

मग हौसाचं वागणं बदललं. आली तेव्हा पोरगी भेदरलेली होती, पहिलटकरणीचं असतंच. रात्री आईचा हात सोडत नव्हती. आता ती एकदम शांत झाली. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायची आणि मधेच गालात हसायची. सारजाबाईला आधी बरं वाटलं. पुढं तिच्या लक्षात आलं की हौसा खोलीत शिरताना दारात पाऊल उंच उचलते. तिथं ओलांडायला काही नव्हतं, सपाट फरशी होती, तरी ती लुगडं किंचित वर धरून काहीतरी ओलांडून आल्यासारखी यायची.

रांगोळीही रोज फिसकटायला लागली. पाय पडून फिसकटते तशी नव्हे. लुगड्याचा ओला काठ तीवरनं ओढत गेल्यासारखी, आणि तो फराटा भिंतीकडं जाऊन संपायचा. तू तिकडं गेली होतीस का, असं सारजाबाईनं विचारलं. हौसानं नाही म्हटलं, आणि ती खोटं बोलणारी पोर नव्हती.

एका तिसऱ्या प्रहरी सारजाबाई तिचे पाय चेपत बसली होती. बाळ झाल्यावर पाळणा कुणाचा आणायचा, असं काहीबाही बोलणं चाललं होतं. हौसाचे डोळे मिटत आले होते.

"पाळना हाय की, आये," ती म्हणाली. "त्यांनी घासून ठिवलाय. गाळानं घासला. लई लख्ख झालाय."

आता सवय बघा माणसाची. सारजाबाईच्या तोंडून पहिलं काय निघावं?

"सागाला गाळ कोन लावतंय?"

"त्या लावत्यात. म्हन्ल्या, पान्यातल्या लाकडाला त्योच मानवतो."

सारजाबाईचे हात थांबले. कोण त्या, असं विचारायला तिनं तोंड उघडलं, पण हौसाला झोप लागली होती. तिच्या पायाच्या नखांत काळा मऊ गाळ होता. दहा दिवस ती बंगल्याबाहेर पडलेली नव्हती.

६

कर नाही त्याला डर कशाला, हे खरं. पण डर आली की हातपाय हलवावे, हेही तितकंच खरं. सारजाबाई उठली आणि त्या फळीमागं लागली. आधी हळदकुंकू पुसायला घेतलं. रिठ्याचं पाणी झालं, राख झाली, रॉकेल झालं. फडकं पिवळं होत गेलं आणि फळीवरचा पिवळा तसाच. हळद वाहून तिनंच वरनं जवसाचं तेल जिरवलं होतं. तेल प्यालेल्या सागातनं रंग निघत नाही, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

मग तिनं फळी उचलून बाहेर न्यायची ठरवली. भिंतीशी ठेवताना ती तिनं एकटीनं उचलली होती. आता ती फरशीपासनं तसूभर सुटेना. तिनं पहार घातली, तर फरशीचा टवका उडाला आणि फळी जागची हलली नाही. ओल पिऊन फुगली असेल, पाऊस उघडला की सुटेल, असं तिनं मोठ्यानं म्हटलं. भिकूला निरोप धाडला, पण मधला ओढा दुथडी भरून चालला होता. पाणी उतरल्याशिवाय तो येणार नव्हता.

हौसाला तिनं पुढल्या दिवाणखान्यात कोचावर निजवलं आणि मागल्या खोलीला कडी घातली. सकाळी कोच रिकामा होता. कडी काढलेली होती आणि हौसा पितळी पलंगावर भिंतीकडं तोंड करून निजलेली होती. कोचावर झोप येत नाही, ती म्हणाली, चामडं गार लागतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सारजाबाई चिडली, रडली, शेवटी हात जोडले. हौसा नुसती तिच्या गालावरनं हात फिरवायची.

आपण इथनं निघून जावं हेही तिच्या मनात येऊन गेलं. नेऱ्याला हौसाच्या सासरी जावं, पौडला जावं, कुठंही जावं. पण भरल्या दिवसांची बाई त्या पावसात, त्या ओढ्यातनं नेणार कशी? आणि मग नेण्याची वेळच गेली. एका सकाळी हौसाच्या कमरेत कळ आली, ती पलंगाचा खांब धरून उभी राहिली, आणि सारजाबाई घोंगडी घेऊन वाडीकडं धावली.

७

वाडीतल्या धोंडाबाईनं त्या भागातली दोन पिढ्यांची बाळंतपणं केली होती. अंगानं आडवी, डोळ्यांनी जरा अधू, पण हाताला यश. ती आली, हौसाच्या पोटावरनं हात फिरवला आणि सगळं सरळ आहे म्हणाली. सारजाबाईचा जीव भांड्यात पडला. पाणी तापवायला ठेवून धोंडाबाई इकडच्या तिकडच्या गप्पा मारत बसली. विहीण येणार का बाळ बघायला, असं तिनं विचारलं. सारजाबाई म्हणाली, विहीण कुठली, हौसाला सासूच नाही. जावई लहान असतानाच ती वारली. सासुरवास नको म्हणून तर तिनं हे घर बघून दिलं होतं. शहाणी आहेस, धोंडाबाई म्हणाली.

दुपार झाली, पण उजेड असा की दिवा लावावा लागला. कळा भरत आल्या. सारजाबाई फळीकडं पाठ करून पलंगाशी उभी होती, हौसाच्या कपाळावरचा घाम टिपत. तिच्या घोट्यांना ऊब लागली. शेगडी तर पुढं होती. ही ऊब मागनं येत होती. त्या उबेबरोबर चुलीचा धूर आला आणि नव्या तांदळाचा भात रटरटतो त्याचा वास आला. तिनं वळून बघितलं. भिंत होती, पांढरी, कोरडी, तिनंच झाडलेली.

ती पुन्हा हौसाकडं वळली आणि तिची नजर पलंगाच्या लट्टूवर गेली. त्या गोल पितळेत सगळी खोली वाकडी होऊन मावली होती. दिवा होता, धोंडाबाईची पाठ होती, ती स्वतः होती. तिच्या मागं भिंत नव्हती. फळीवर चौकटीच्या दोन बाह्या उभ्या होत्या, दार उघडं होतं, आत अंधारात चुलीचा लाल ठिपका होता. आणि त्या ठिपक्याच्या अलीकडं कुणीतरी उभं होतं, हातात काही धरून, पदर डोक्यावरनं घेतलेलं.

सारजाबाई ओरडली नाही. ओरडून हौसाला दचकवायची ही वेळ नव्हती. उंबरठ्यावर बसू नये, येणारी लक्ष्मी अडते, हे लहानपणापासनं ऐकलेलं तिला आठवलं. आज अडू दे, ती मनात म्हणाली. तिनं लुगडं सावरलं आणि त्या फळीच्या खोलगट भागात, मधोमध, आपलं सगळं वजन टाकून ती बसली. भिंतीला टेकली मात्र नाही. पाठ ताठ ठेवली.

हितं कोनी यायचं न्हाई, ती पुटपुटली. ऊब तिच्या पाठीला लागत होती. मागं कुणाचा तरी श्वास होता, बांगड्यांचा बारीक आवाज होता, लहान मुलं दारात गोळा होतात तशी कुजबुज होती. तिनं मागं बघितलं नाही. लेकीच्या चेहऱ्यावरची नजर तिनं काढली नाही. आणि इतकी घाबरलेली असूनही तिला मनातनं खात्री वाटत होती की आपण पुरून उरू. एक बाई दारात बसली तर तिला ओलांडून कोण जाणार आहे?

८

बाळ झालं. मुलगी झाली, आणि झाल्याबरोबर तिनं असा टाहो फोडला की धोंडाबाई हसायला लागली. हौसानं डोळे उघडले, लेकरू बघितलं, आणि सारजाबाईच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं. जागची मात्र ती उठली नाही. नाळ कापली गेली, बाळ पुसलं गेलं, फडक्यात गुंडाळून हौसाच्या कुशीत दिलं गेलं. आजीनं उठून हात लावायचा तो क्षण तिनं लांबनंच बघितला. तिला वाईट वाटलं, पण आपण जिंकलो असंही वाटलं.

तेवढ्यात तिच्या डोक्यावरनं काहीतरी गेलं आणि पुढं फरशीवर पडलं. भाकरीचा तुकडा होता, पाण्यात भिजवलेला. पाठोपाठ चुळकाभर पाणी उडालं.

कुठल्याही घरची बाळंतीण बाळ घेऊन पहिल्यांदा दारात आली की तिच्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकतात आणि मग तिला आत घेतात. सारजाबाईनं स्वतः किती जणींवरनं तो टाकला होता. टाकणारी उंबरठ्याच्या आत उभी असते आणि तुकडा पडतो तो बाहेर. तुकडा खोलीत पडला होता. रांगोळीवर पडला होता. कुणी आत येऊ नये म्हणून ती इतका वेळ दार अडवून बसली होती. आत यायचं कुणाला नव्हतंच. आत ती माणसं होती, आणि बाहेर, त्यांच्या दारात, तिनंच रांगोळी घालून उभी केलेली तिची लेक होती.

धोंडाबाईनं रक्ताचं फडकं गोळा करता करता मान वर केली, अधू डोळे बारीक केले, आणि मोठं माणूस समोर आल्यावर घेतात तसा आपला पदर नीट केला.

"सारजे, दारात काय बसलीस?" ती म्हणाली. "त्या कवाच्या वाट बघत्यात."

मागनं आवाज आला. थोराड बाईचा, प्रेमळ, घाई नसलेला.

"विहीणबाई, जरा बाजूला व्हा."

सारजाबाईनं हौसाकडं बघितलं. नको म्हण, असं तिनं पोरीला मानेनं खुणावलं. हौसानं लेकीला उराशी धरलं. मग तिनं दुसऱ्या हातानं पदर डोक्यावरनं ओढून घेतला आणि मान खाली घातली.

"आले, आत्याबाई," असं म्हणून तिनं पाय पलंगाखाली सोडले.

सारजाबाईनं दोन्ही हात पसरले आणि रेटा द्यायला म्हणून पाठ मागं टेकली. मागं भिंत नव्हती.